नोझल नेकची जाडी: तीच कमेंट पुन्हा पुन्हा का येते

‘नोझल एन-४: नेकची जाडी यूजी-४५ प्रमाणे अपुरी. कॅल्क्युलेशन सुधारून पुन्हा सादर करा.’

रबाळे, महापे, तळोजा, अंबरनाथ, कुठल्याही एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जा आणि डिझाइनच्या टेबलावरचं परत आलेलं ड्रॉइंग उचला. तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचं हे वाक्य त्यावर असण्याची शक्यता मोठी आहे. नोझल म्हणजे दाबाच्या टाकीला (व्हेसलला) पाइप जोडण्यासाठी बसवलेली तोटी, नेक म्हणजे तिची नळी, आणि यूजी-४५ म्हणजे त्या नळीची किमान जाडी ठरवणारा कोडमधला नियम. मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता नोझलांचा तक्ता बघूनच कमेंट कुठे पडणार ते कळतं. बहुतेक वेळा ती २ इंची ड्रेनवर (द्रव काढून टाकायची नळी), १ इंची व्हेंटवर (हवा सोडायची नळी) किंवा तळाकडच्या ४ इंची आउटलेटवर पडते.

गंमत नाही ही, पैसे जातात. ड्रॉइंग परत येईपर्यंत पाइप खेतवाडीतल्या व्यापाऱ्याकडून उचललेला असतो, कधी कापलेला असतो, आणि एकदा तर माझ्यासमोर वेल्ड करून झालेला होता. म्हणून ही कमेंट कशामुळे येते आणि ती आल्यावर नेमकं काय तपासायचं, ते सविस्तर लिहितोय. सगळं एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ (प्रेशर व्हेसलसाठीचा अमेरिकन कोड) धरून आहे, कारण मुंबईत माझ्या हातातून जाणारी बहुतेक व्हेसलं याच कोडवर बनतात.

आधी नियम काय म्हणतो ते साध्या भाषेत. यूजी-४५ दोन वेगळे प्रश्न विचारतं. पहिला: ही नळी स्वतःचा दाब पेलते का? हा आकडा टी-ए. आतला दाब असेल तर यूजी-२७, बाहेरचा असेल तर यूजी-२८ वापरायचं आणि करोजन अलाउन्स, म्हणजे गंजण्यासाठी ठेवलेली जादा जाडी, मिळवायचा. चुडी कापणार असाल तर चुडीची खोलीही. दुसरा प्रश्न: ही नळी ज्या भिंतीवर बसली आहे तिच्या मानाने किंवा तिला जोडल्या जाणाऱ्या पाइपच्या मानाने फारच नाजूक तर नाही ना? हा आकडा टी-बी. दोन्हींपैकी मोठा तो तुमचा.

टी-बी काढताना तीन आकडे लागतात. टी-बी-१ म्हणजे शेलला (व्हेसलच्या गोल भिंतीला) किंवा डिश एंडला (टोकाच्या फुगीर झाकणाला) त्या जागी आतल्या दाबासाठी लागणारी जाडी, जॉइंट एफिशियन्सी (वेल्डचा जोड अखंड प्लेटच्या मानाने किती मजबूत धरायचा तो आकडा) १ धरून, अधिक करोजन अलाउन्स. टी-बी-२ म्हणजे बाहेरचा दाब आतला आहे असं समजून त्याच सूत्राने काढलेली जाडी, अधिक करोजन अलाउन्स. हे दोन्ही यूजी-१६ मधल्या किमान जाडीखाली उतरू शकत नाहीत. टी-बी-३ म्हणजे पाइपच्या साइझप्रमाणे कोडमधल्या तक्त्यात दिलेली जाडी, अधिक करोजन अलाउन्स. टी-बी-१ आणि टी-बी-२ मधला मोठा घ्यायचा, आणि तो व टी-बी-३ यांतला लहान घ्यायचा. तो टी-बी.

हा ‘मोठ्यांतला लहान’ प्रकार पाठ करू नका, त्यामागचा विचार समजून घ्या. २ इंची नळीला १० बार दाबासाठी पाव मिलिमीटर जाडी पुरते. पण त्या नळीवर व्हॉल्व्ह लटकतो, पाइपलाइन तापून ढकलते, फिटर त्यावर पाय देऊन चढतो. कोड म्हणतं, नेक निदान शेलइतकी तरी मजबूत ठेवा. आणि शेल फार जाड असेल तर निदान स्टँडर्ड वॉल पाइपइतकी तरी ठेवा, कारण पुढे जोडला जाणारा पाइप साधारण तेवढाच असतो. एवढं डोक्यात बसलं की कुठला आकडा कधी घ्यायचा यात गल्लत होत नाही.

आता एक हिशोब पूर्ण करतो. या हिशोबातच सगळे आजार दिसतात.

उभं व्हेसल, आतला व्यास १२०० मिमी, डिझाइन दाब १ मेगापास्कल, तापमान १५० अंश, करोजन अलाउन्स ३ मिमी. शेल एसए-५१६ ग्रेड ७० स्टील, कोडने मान्य केलेला स्ट्रेस १३८ मेगापास्कल. नोझलं एसए-१०६ ग्रेड बी सीमलेस पाइपची, स्ट्रेस ११८. शेलची एफिशियन्सी ०.८५. गंजल्यानंतरची त्रिज्या ६०३ मिमी.

शेलला लागणारी जाडी (दाब १, म्हणून वर फक्त त्रिज्या): ६०३ भागिले (१३८ × ०.८५ − ०.६), म्हणजे ५.१७, अधिक ३, एकूण ८.१७ मिमी. प्लेट १० मिमीची लावली.

टी-बी-१ साठी एफिशियन्सी १: ६०३ भागिले (१३८ − ०.६), म्हणजे ४.३९, अधिक ३, एकूण ७.३९ मिमी.

२ इंची नोझल घ्या. टी-ए ०.२५ अधिक ३, म्हणजे ३.२५. कोडच्या तक्त्यात २ इंचीला ३.४२ आहे, म्हणून टी-बी-३ झाला ६.४२. तो ७.३९ पेक्षा लहान, म्हणून टी-बी ६.४२. लागणारी जाडी ६.४२ मिमी. नोझलांच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं शेड्यूल ८० (शेड्यूल म्हणजे पाइपच्या जाडीचा प्रमाणित क्रमांक). शेड्यूल ८० ची नाममात्र, म्हणजे कागदोपत्री दिलेली, जाडी ५.५४. नापास.

आमच्याकडची ज्युनिअर इंजिनिअर मला म्हणाली, ‘सर, तक्त्यातले आकडे आधीच साडेबारा टक्के कमी केलेले आहेत ना? ३.९१ चे ३.४२ झालेत. मग आपण पाइपमधून परत साडेबारा टक्के कशाला वजा करायचे?’

प्रश्न फार चांगला होता आणि हाच या कमेंटचा पहिला उगम आहे. तक्त्यातला आकडा म्हणजे प्रत्यक्षात मिळायलाच हवी अशी किमान जाडी. तो स्टँडर्ड वॉलच्या ०.८७५ पट आहे हे खरं, पण तुलना करताना समोर प्रत्यक्षात मिळू शकणारी किमान जाडीच ठेवावी लागते, आणि एसए-१०६ चा पाइप मिलमधून नाममात्र जाडीपेक्षा साडेबारा टक्के पातळ येऊ शकतो. यूजी-१६ हे वजा करायला सांगतं. म्हणजे डावीकडे ६.४२ आणि उजवीकडे ५.५४ × ०.८७५, म्हणजे ४.८५. मी तिला म्हटलं, ‘तू कागदावर दोन्ही बाजूंना आकड्यासमोर लिही, हा किमान की नाममात्र. एकदा लिहिलंस की तुझं तुलाच दिसेल.’ तिने लिहिलं, आणि दिसलं.

उलट वाटेनेही जाता येतं: ६.४२ भागिले ०.८७५, म्हणजे नाममात्र जाडी निदान ७.३४ हवी. २ इंचीत शेड्यूल १६० ची ८.७४ आहे, किमान ७.६५. पास.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो जी फार महाग पडते. ३ मिमी करोजन अलाउन्स आला की लहान नोझलांची सगळी गणितं बदलतात, आणि लोक सवयीने शेड्यूल ८० लिहून मोकळे होतात. याच व्हेसलवर दीड इंचीला ६.२२ लागतात, शेड्यूल १६० ची किमान जाडी ७.१४ × ०.८७५, म्हणजे ६.२५. जेमतेम पास. १ इंचीला ५.९६ लागतात, शेड्यूल १६० ची ६.३५ × ०.८७५, म्हणजे ५.५६. नापास! पाऊण इंचीलाही तेच, लागतात ५.५१ आणि शेड्यूल १६० देतं ४.८७. म्हणजे डबल एक्स्ट्रा स्ट्राँग (त्याहून जाड भिंतीचा पाइप) घ्यावा लागतो, आणि १ इंचीत त्याचं आतलं भोक १५ मिमीच्या आसपास उरतं. प्रेशर गेजला चालेल, चिखलासारखं काही येणाऱ्या ड्रेनला नाही चालणार. अशा वेळी मी पहिल्या बैठकीतच सुचवतो की व्हेसलवरचं सर्वांत लहान नोझल २ इंची ठेवा आणि बाहेर रिड्यूसिंग फ्लँजने (भोक लहान करणारी, बोल्टने जोडायची चकती) १ इंची करा, किंवा लाँग वेल्ड नेक फोर्जिंग (नेक आणि फ्लँज एकाच घडाईत) घ्या. फोर्जिंगला पाइपचा साडेबारा टक्क्यांचा मायनस टॉलरन्स लागू होत नाही आणि भिंतही भरपूर मिळते. किंमत जास्त वाटते, पण ड्रॉइंग तीन वेळा फिरण्यापेक्षा स्वस्त पडते.

दुसरा उगम म्हणजे एफिशियन्सी. याचं सर्वांत बोलकं उदाहरण त्याच व्हेसलचं ४ इंची नोझल. तक्त्यातले ५.२७ अधिक ३, टी-बी-३ झाला ८.२७. टी-बी-१ ७.३९. लहान तो ७.३९. शेड्यूल ८० ची जाडी ८.५६, किमान ७.४९. पास, एक दशांश मिलिमीटरने. आता कोणी शेलच्या कॅल्क्युलेशनमधून सरळ ८.१७ उचलून टी-बी-१ म्हणून टाकला, तर हाच पाइप नापास होतो आणि पुढची पायरी शेड्यूल १२०, जाडी ११.१३. कोड स्पष्ट सांगतं की इथे एफिशियन्सी १ धरा, कारण शेलच्या वेल्डची कमजोरी नेकच्या माथी मारण्याचं कारण नाही. याहून वाईट म्हणजे १० मिमी प्लेटचा आकडा तसाच टी-बी-१ मध्ये टाकणं. ६ इंचीला खरं तर ७.३९ लागतात आणि शेड्यूल ८० ची किमान जाडी ९.६० आरामात पुरते. पण तक्त्याचा टी-बी-३ हिशोबात न घेता प्लेटचे १० धरले तर माणूस शेड्यूल १२० च्या १४.२७ मिमी पाइपच्या मागे खेतवाडी ते कळंबोली फिरत बसतो. मी असं फिरलेला माणूस पाहिलाय.

तिसरा उगम मला सर्वांत जास्त छळतो, कारण तो कागदावर दिसतच नाही: द्रवाचा स्थिर दाब. हेच ४ इंची नोझल शेलच्या तळाकडे आहे आणि त्याच्यावर ३ मीटर पाणी उभं राहू शकतं असं धरा. ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ०.०२९ मेगापास्कल. दाब १.०२९ झाला. टी-बी-१ पुन्हा काढा: ४.५२ अधिक ३, म्हणजे ७.५२. आपला पाइप देतो ७.४९. नापास, तीन शतांशांनी. वरच्या भागातलं तेच ४ इंची नोझल पास आणि खालचं नापास, पाइप तोच, शेड्यूल तोच. इन्स्पेक्टरने फक्त खालच्यावर कमेंट टाकली की लोक म्हणतात याचं काहीतरी चुकलं. त्याचं चुकलेलं नसतं. कोड म्हणतं ‘नोझल जिथे जोडलं आहे त्या जागी’, आणि तो ‘त्या जागी’ शब्दशः वाचतो. सॉफ्टवेअरमध्ये द्रवाची पातळी आणि घनता भरलीच नसेल तर सॉफ्टवेअरही हे सांगणार नाही. शिवाय तिथे पाइपची जाडी नाममात्र की किमान धरायची हे ठरवणारा पर्याय असतो. तो काय ठेवलाय ते प्रत्येक नोझलसाठी उघडून बघा. मागच्या कामाची फाइल कॉपी केली की तो पर्यायही गुपचूप कॉपी होतो.

मग गोंधळात भर घालणारी एक खरी गोष्ट आहे. यूजी-३७ प्रमाणे रीइन्फोर्समेंटचं (नोझलसाठी कापलेल्या भोकाभोवतीच्या मजबुतीचं) क्षेत्रफळ काढताना नेकची नाममात्र जाडी वापरायला कोड परवानगी देतं, तिथे साडेबारा टक्के वजा करावे लागत नाहीत. म्हणजे एकाच नोझलच्या एकाच कॅल्क्युलेशनमध्ये त्याच पाइपच्या दोन वेगळ्या जाड्या बरोबर असतात. यूजी-४५ साठी ७.६५, यूजी-३७ साठी ८.७४. हे ज्याला माहीत नाही तो एकतर दोन्हीकडे नाममात्र घेतो आणि नापास होतो, किंवा दोन्हीकडे किमान घेऊन आरएफ पॅड (भोकाभोवती वेल्ड केलेली जादा प्लेट) विनाकारण मोठा करतो. आणि पॅडवरून आठवलं: यूजी-४५ ची कमेंट आली म्हणून पॅड जाड करून पाठवलेलं ड्रॉइंगही मी पाहिलंय. पॅड भोकाभोवतीच्या शेलला आधार देतो. नेकची भिंत त्याने एका केसाइतकीही वाढत नाही.

व्हॅक्यूम असलेल्या व्हेसलवर टी-बी-२ चा घोळ होतो. यूजी-२८ ने शेलची व्हॅक्यूमसाठीची जाडी काढलेली असते, आणि तोच आकडा टी-बी-२ मध्ये जातो. चूक आहे. टी-बी-२ साठी बाहेरचा दाब आतला समजून साधं आतल्या दाबाचं सूत्र लावायचं. आपल्या व्हेसलवर पूर्ण व्हॅक्यूम, ०.१०३ मेगापास्कल, धरला तर सूत्र देतं जेमतेम ०.४५ मिमी. तो यूजी-१६ च्या १.५ मिमीपेक्षा कमी, म्हणून १.५ अधिक ३, टी-बी-२ झाला ४.५. बकलिंगची (बाहेरच्या दाबाने भिंत आत चेपण्याची) काळजी नेकसाठी टी-ए मध्ये घेतली जाते, तिथे यूजी-२८ लावा. हवा, वाफ किंवा पाण्याच्या सेवेतल्या कार्बन स्टील व्हेसलला मात्र ती किमान जाडी १.५ नसून २.५ मिमी असते, हे कॉम्प्रेस्ड एअर रिसीव्हर बनवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

मॅनवे (माणसाला आत जाण्यासाठीचं भोक) आणि फक्त तपासणीसाठी ठेवलेली भोकं यांना टी-बी लागत नाही, टी-ए पुरतो. पण मॅनवेच्या कव्हरवर एखादी प्रोसेस लाइन जोडलेली असेल तर मी ही सवलत घेत नाही. ‘फक्त’ या शब्दाला काही अर्थ आहे. प्लेट रोल करून बनवलेल्या मोठ्या नेकला पाइपचा साडेबारा टक्क्यांचा नियम लागत नाही, आणि तिचा बाहेरचा व्यास कुठल्याच प्रमाणित पाइपशी जुळत नसेल तर तक्त्यातून त्याहून मोठ्या व्यासाचा पाइप धरून आकडा घ्यायचा. १२ इंच आणि त्यापुढे तक्ता ८.३४ वर थांबतो. पाइपिंगचे लोड दिलेले असतील तर ते टी-ए मध्येच विचारात घ्यायचे असतात; क्लायंटने लोडचा तक्ता तिसऱ्या रिव्हिजनला पाठवला तर त्या रिव्हिजनला हे पुन्हा करा.

समजा उशीर झालाय. पाइप वेल्ड झालाय आणि कमेंट आली. तेव्हा काय?

आधी हिशोब तपासा, पाइप नव्हे. टी-बी-१ मध्ये ०.८५ आहे का, शेलचा स्ट्रेस घेतलाय की नोझलचा, हे बघा. टी-बी-१ शेलच्या मटेरियलवर चालतो. तिथे ११८ घातले तर आकडा उगाच फुगतो. निम्म्या वेळा कमेंट इथेच सुटते. नाही सुटली तर पाइपची प्रत्यक्ष जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजा, परिघावर आणि लांबीवर नीट आखून, गेज त्याच दिवशी कॅलिब्रेट करून, इन्स्पेक्टर समोर असताना. मिलमधून आलेला शेड्यूल ८० चा ४ इंची पाइप बरेचदा ७.४९ च्या बराच वर असतो. जिथे तीन शतांश कमी पडतायत तिथे मोजलेली ८.२ किंवा ८.३ जाडी मांडता येते. हे मान्य करायचं की नाही हा इन्स्पेक्टरचा आणि क्लायंटचा निर्णय आहे. मला एकदा मान्य झालं, एकदा नाही. ज्या वेळी नाही झालं त्या वेळी आमचा फॅब्रिकेशनचा मुकादम म्हणाला, ‘साहेब, ग्राइंडर लावायचा का?’ मी हो म्हटलं, आणि त्या रात्री नोझल कापलं. तो निर्णय योग्य होता. तिथे कुरकुर करून मिळालेली मान्यता पुढे वीस वर्षं त्या नळीजवळ उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरच्या जिवावर असते.

करोजन अलाउन्स कमी करून घेण्याची वाटही लोक सुचवतात. क्लायंटच्या प्रोसेस विभागाने गंजाच्या वेगाचा विचार करून लेखी दिलं तर ठीक. ड्रॉइंग पास व्हावं म्हणून नाही.

नेक शेड्यूल ८० वरून १६० झाली की आणखी एक काम राहतं आणि ते हमखास विसरलं जातं. २ इंचीचं आतलं भोक ४९.२ वरून ४२.८ मिमी होतं. वेल्ड नेक फ्लँजचं भोक मात्र जुन्या ऑर्डरप्रमाणे शेड्यूल ८० चंच येतं, आणि फिटरला जोडावर सर्व बाजूंनी ३.२ मिमीची पायरी दिसते. फ्लँजची खरेदी त्याच दिवशी बदला. नोझल ते शेल वेल्डचा साइझही तपासा, कारण तो पातळ भागाच्या जाडीवर ठरतो.

शेवटी प्लांटमध्ये चालू व्हेसलबद्दल, कारण शटडाउनच्या दिवसांत माहुल-चेंबूरकडून, तळोज्याकडून याच प्रश्नाचे फोन येतात. २ इंची नेकवर गेज ६.० दाखवतं, ड्रॉइंगवर लागणारी जाडी ६.४२ लिहिलीय, आणि कोणीतरी घाबरून नोझल बदलायला काढतं. पण त्या ६.४२ मध्ये ३ मिमी करोजन अलाउन्स आहे, तो गंजण्यासाठीच दिलेला होता. तुलना ३.४२ शी करायची. शिवाय गेजचा आकडा प्रत्यक्ष जाडी आहे, त्यातून साडेबारा टक्के वजा करू नका. ६.० मधून ३.४२ गेले की २.५८ उरतात; मागच्या तपासणीच्या आकड्यावरून गंजाचा वेग काढा आणि पुढची तपासणी कधी ते ठरवा. इथे सर्वांत कमी वाचन कुठे मिळालं ते महत्त्वाचं. मुंबईच्या पावसात इन्सुलेशनखाली पाणी मुरतं आणि नेक शेलला जिथे मिळते तिथे कॉलरसारखी ओल धरून बसते. तिथलं इन्सुलेशन काढल्याशिवाय घेतलेलं वाचन मी धरत नाही.

आता आमच्याकडे नोझलांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला सहा रकाने जास्त आहेत: त्या जागचा दाब, टी-ए, टी-बी, लागणारी किमान जाडी, पाइपची नाममात्र जाडी, पाइपची किमान जाडी. शेवटचा रकाना चौथ्यापेक्षा मोठा असल्याशिवाय खरेदीची मागणी सही होत नाही. मागच्या व्हेसलचं ड्रॉइंग परत आलं तेव्हा त्यावर कमेंट होती व्हेसल उचलायच्या लिफ्टिंग लगवर.